संगणक-खेळांतील बंद पेवे

बी. ए. द्वितीय वर्ष

संगणकावरील खेळ हा वार्षिकांकात लिहिण्याचा विषय आहे काय, असा प्रश्न काही गुरुजनांच्या मनात येईल. मी स्वतः मराठी व इतिहास या विषयांचा विद्यार्थी. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच; त्यामुळे अशा गोष्टी घरी विचाराव्यात असे कोणी नाही. जे थोडेफार कळले ते एका सेकंडहँड लॅपटॉपवर, चुका करीत कळले. त्यांतील एक चूक मित्राला महागात पडली. ती सांगावी व त्या निमित्ताने विषयही मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आपल्याकडील मुले मोबाईलवर ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ खेळतात आणि त्या परदेशी बसला आपल्या लालपरीचा रंग चढवतात. ती सोय खेळ करणाऱ्यांनीच ठेवलेली आहे. मी मात्र गुंतलो तो ‘स्टारड्यू व्हॅली’त. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने रचलेला हा शेतीचा खेळ २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यातला ऋतू २८ दिवसांचा, आणि फुलकोबी १२ दिवसांत काढणीला! आमच्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले; ती हळद आठ-नऊ महिने जमिनीत असते. ती खणून ज्याची कंबर मोडली आहे, त्याला या फुलकोबीचे हसूच येणार. खेळात हळद लावावी अशी मला हौस आली. पिकांचा तक्ता उघडाच असतो, त्यात नवे पीक घालता येते. पण ज्या गोष्टींचा असा तक्ता नसतो, त्यांच्यासाठी खेळाच्या आत शिरावे लागते, आणि तेथे पुष्कळ ठिकाणी पाटी लागलेली असते : ‘प्रायव्हेट’, म्हणजे खाजगी.

हा खेळ सी शार्प या भाषेत लिहिलेला आहे. लिहिलेला मजकूर कंपायलर एका गठ्ठ्यात बांधतो. त्याला ‘असेंब्ली’ म्हणतात. गठ्ठा बांधला की आत नुसते शून्य आणि एक उरतात, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. गठ्ठ्यात एक मधली भाषा असते आणि तिच्याबरोबर एक पुरी नोंदवही असते : कोणता वर्ग, त्यात कोणती खाती, कोणत्या कृती, कोणाला हात लावण्याची परवानगी. लिहिणाऱ्याने जाता जाता टिपलेले शेरे नाहीसे होतात, पण सदस्यांची नावे राहतात. म्हणून ‘आयएलस्पाय’सारखे साधन तो गठ्ठा उघडून जवळजवळ मूळ मजकूर दाखवू शकते. खाजगी गोष्ट लपवलेली नसते, तिला हात लावण्याची मनाई असते. गावातले पेव असेच असते. तोंडावर दगड आणि माती. पण ते कोठे आहे आणि कोणाचे आहे हे साऱ्या गावाला ठाऊक.

पेवाचेच उदाहरण पुढे नेतो. सी शार्पमध्ये नावे देवनागरीतही देता येतात, हे करून पाहिल्यावर मला फार आनंद झाला. समजा ‘पेव’ नावाचा वर्ग आहे. त्यात ‘पोती’ आणि ‘किंमत’ ही दोन खाजगी खाती, आणि ‘धान्यघाल’ ही सर्वांना खुली कृती. ही कृती पोती वाढवते आणि लगेच किंमतही नव्याने मांडते. बाहेरून कोणी थेट ‘पोती’ बदलू लागला तर कंपायलर त्याला अडवतो. अशा वेळी ‘रिफ्लेक्शन’ म्हणजे परावर्तन कामी येते. कार्यक्रम चालू असताना त्याच्याच नोंदवहीला विचारायचे : ‘पेव’ वर्गातील ‘पोती’ नावाचे खाते दे. विचारताना दोन खुणा सांगाव्या लागतात. एक, खाते सार्वजनिक नाही. दोन, ते प्रत्येक पेवाचे वेगवेगळे आहे. दुसरी खूण विसरलो तर हाती काहीच येत नाही आणि चूक काय झाली तेही कोणी सांगत नाही. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. खाते मिळाले की कोणत्या पेवातले ते दाखवायचे; मग आकडा वाचता येतो, लिहिताही येतो.

वाचकांपैकी कोणी हा उद्योग करणार असेल तर त्याला थोडे सावध करतो. मूळ वर्गातील खाजगी खाते त्याच्या वारस वर्गाकडे मागून मिळत नाही. ते मूळ वर्गाकडेच मागावे लागते. ‘कॉन्स्ट’ म्हणून ठरवलेला आकडा बदलण्याच्या नादी लागू नये, कारण तो वापराच्या जागी आधीच कोरला गेलेला असतो. शिवाय नाव आपण अक्षरांत लिहून दिलेले असते. पुढच्या आवृत्तीत ते बदलले तर कंपायलरला पत्ताच लागत नाही, आणि ऐन खेळात सारे कोसळते. हा शोध जरा संथही असतो. तो एकदाच घेऊन जपून ठेवावा. सेकंदाला साठ वेळा घेऊ नये.

दुसरी एक वाट आहे. गठ्ठ्याची नक्कल करून तीत सारे सदस्य सार्वजनिक करायचे आणि आपला मजकूर त्या नकलेच्या आधाराने बांधायचा. खेळताना मात्र मूळ गठ्ठाच चालतो. त्या वेळी प्रवेशाची तपासणी दुर्लक्षावी असे यंत्रणेला वेगळे सांगावे लागते. लिहायला हे सोपे पडते. खाजगी कृतीच्या आधी किंवा नंतर आपले काम घुसवायचे असेल तर अँड्रियास पार्डाइक यांचे ‘हार्मनी’ आहे, पण तो विषय स्वतंत्र लेखाचा.

येथे एक गंमत सांगावीशी वाटते. ‘स्टारड्यू’मध्ये असे बदल चालवणारे ‘स्मॅपी’ नावाचे साधन खेळाची खाजगी खाती उघडण्याची सोय स्वतःच देते. मात्र तीच सोय वापरून स्मॅपीच्या स्वतःच्या आत डोकावू गेल्यास ते अडवते!

आता माझी चूक. मित्राच्या लॅपटॉपवर दुसऱ्याच एका खेळात मी असेच एका खाजगी खात्यात थेट कोठाराचा आकडा लिहिला. आकडा वाढला, आम्ही टाळ्या दिल्या, खेळ साठवला. दुसऱ्या दिवशी तो उघडेना. खुली कृती आकड्याबरोबर वस्तूंची यादीही सांभाळत होती. मी एकच बाजू बदलली होती. ती शेती मित्राच्या धाकट्या बहिणीने दिवाळीच्या सुट्टीत उभी केली होती. नक्कल काढून ठेवलेली नव्हती. ती मुलगी काही बोलली नाही, हेच मला जास्त लागले.

घरी हे सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, “आरं, दुसऱ्याच्या पेवात कशाला उतरायलास? आन् उतरायचंच तर आधी कंदील सोडून बघावं की!” जुने पेव उघडले की आत वाईट हवा असते, ते काही वेळ उघडे ठेवून, दिवा खाली सोडून, तो विझत नाही ना हे पाहूनच माणूस उतरतो. आता मी आधी साठवलेल्या खेळाची नक्कल काढतो, मग नुसते वाचतो, आणि लिहायचे झाले तर आधी खुल्या कृतीनेच काम भागते का ते पाहतो.

बाबांच्या पहिल्या प्रश्नाला कायद्यात थोडे उत्तर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने अशी मुभा आली की, कायदेशीरपणे घेतलेल्या प्रतीमागील कल्पना व तत्त्वे जाणण्यासाठी तिचे निरीक्षण, अभ्यास व चाचणी करता येते. उघडलेला गठ्ठा वाटत सुटण्याची मुभा त्यात नाही. अनेकांनी मिळून खेळायच्या खेळात आपला आकडा वाढवणे ही तर माझ्या मते सरळ लबाडी होय.

ज्या खेळात माझ्या हातून नासधूस झाली, त्याच्या कर्त्यांना मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्र लिहिले आहे : कोठाराचे खाते खाजगीच ठेवा, पण आम्हांला एक खुली कृती द्या. उत्तर अद्याप आलेले नाही. मित्राच्या बहिणीने नवी शेती सुरू केली आहे. तिच्या लॅपटॉपला हात लावण्याची मला सध्या मनाई आहे.