वेष्टनांचा कचरा : पाड्यापासून पुनर्वापरापर्यंत

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे सातपुड्याच्या कुशीतील गाव राजवाडी होळीमुळे सर्वदूर परिचित आहे. उंच बांबूची ही होळी पहाटे प्रज्वलित होते आणि पाड्यापाड्यांतून आलेले आदिवासी बांधव ढोलाच्या तालावर रात्रभर नृत्य करतात. या डोंगराळ भागात पानांच्या पत्रावळी आणि बांबूच्या टोपल्या पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. काम संपले की त्या मातीत मिसळून जातात. आज मात्र बिस्किटांचे पुडे, तेलाच्या पिशव्या व पाण्याच्या बाटल्या दुर्गम पाड्यांतही पोचल्या आहेत. उघड्यावर टाकलेली ही वेष्टने गुरांच्या पोटात जातात आणि पावसाळ्यात ओढ्यानाल्यांत वाहून जातात. जाळल्यास त्यांतून विषारी वायू बाहेर पडतात.

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये ही जबाबदारी ग्रामपंचायतींवरही आली. स्वच्छ भारत अभियानाच्या (ग्रामीण) २०२० मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्यास प्लास्टिक प्रक्रिया केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. तथापि केंद्र उभारले म्हणजे कचरा आपोआप तेथे पोचतो असे नाही. घर ते केंद्र हा दुवा गावानेच जोडावयाचा असतो.

या दृष्टीने पुण्याचा अनुभव उद्‌बोधक आहे. तेथे १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कष्टकऱ्यांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली. तिचे सभासद घरोघरी जाऊन कचरा गोळा करतात. घरटी मासिक शुल्क आणि भंगाराची विक्री या दोन्हींतून त्यांना उत्पन्न मिळते. त्यातील पहिला भाग विशेष महत्त्वाचा आहे. बाटली व पुठ्ठा यांना भंगारात भाव मिळतो. पण अनेक थरांच्या चकचकीत पुड्यांना सहसा ग्राहक मिळत नाही. संकलन करणाऱ्यांचा मोबदला केवळ विक्रीवर ठेवला, तर नेमका हाच कचरा मागे राहतो.

काठीसारख्या गावी पाडे विखुरलेले असल्याने रोज गाडी फिरविणे परवडणारे नाही. वेष्टनांचा कचरा कुजत नाही. तो धुऊन, वाळवून घरातच गोणीत साठविता येतो. पंधरवड्यातून एकदा, शक्यतो बाजाराच्या दिवशी, पाड्यातील गोण्या एका ठिकाणी आणाव्यात. बचत गटातील महिलांनी कागद, काच, पत्रा, बाटल्या व पुडे वेगळे करून वजनाची नोंद ठेवावी. त्यांचे मानधन ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात निश्चित केलेले असावे. विक्रीचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जावा. पेसा कायद्याखालील या क्षेत्रात ग्रामसभेचा निर्णय सर्वांना आपला वाटतो, हा अशा कामाचा मोठा आधार होय. शिक्षकांनीही विद्यार्थ्यांकडून वजनाचे तक्ते करवून घ्यावेत. गणिताचा पाठ त्यातून सहज साधेल.

होळीच्या रात्री हजारो लोक काठीत जमतात. त्या वेळी मैदानाच्या कडेला गोण्या बांधून, प्रत्येक गोणीची जबाबदारी एकेका पाड्याकडे सोपविता येईल. होळीसाठी एकत्र येणाऱ्या पाड्यांना हे कार्य अवघड वाटण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी मैदानावर केवळ राख उरली, तर उत्सवाचे मूळ रूप जपल्याचे समाधान सर्वांनाच लाभेल.