भूल, वांती आणि ताणाचे संप्रेरक

शस्त्रक्रियेनंतर भुलीतून जागे होताना होणारी मळमळ व वांती ही काही क्षुल्लक पीडा नव्हे. ओकारीच्या उमाळ्याने ताजे टाके ताणले जातात. ती टाळण्यासाठी आरंभीच डेक्सामेथासोन या कृत्रिम स्टेरॉइडाचे ४ ते ८ मिलिग्रॅमचे इंजेक्शन देण्याची पद्धत आता रूढ आहे. वाचकांस प्रश्न पडेल, की स्टेरॉइड म्हणजे तर ताणाचेच संप्रेरक. मग शरीराच्या स्वतःच्या व्यवस्थेचे काय होते?

रुग्ण रायपूरच्या पंडरी भागातील जिल्हा रुग्णालयात असो वा मुंबईच्या के. ई. एम.मध्ये, शरीराची प्रतिक्रिया एकच. सुरी लागताच मेंदूतील अधोथॅलॅमस पोष ग्रंथीस चेतवितो, पोष ग्रंथी मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीस, आणि रक्तात कॉर्टिसॉल वाढते. एरव्ही वाढलेले कॉर्टिसॉलच पोष ग्रंथीस आवर घालते. मोठ्या शस्त्रक्रियेत हा आवर सैल पडतो.

डेक्सामेथासोन तो आवर पुन्हा घालते, आणि तोही चांगलाच करकचून. त्याचे पाऊण मिलिग्रॅम सुमारे २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉलच्या तोडीचे असते. म्हणजे ८ मिलिग्रॅमची मात्रा दोनशेहून अधिक झाली. निरोगी मनुष्याची ग्रंथी दिवसाकाठी १० ते १५ मिलिग्रॅम एवढेच निर्माण करते! साहजिकच दुसऱ्या दिवशी रक्त तपासल्यास कॉर्टिसॉल अत्यल्प आढळते. पाटाला पाणी वाहत असल्याने मोट थांबली, एवढाच त्याचा अर्थ. थांबलेली मोट पाहून विहीर आटली असे म्हणणे चूक ठरेल. सामान्यतः काही दिवसांत ग्रंथी पूर्ववत होते.

मात्र विहिरीविषयीच शंका असेल तेथे घोटाळा होतो. पोष ग्रंथीवरील शस्त्रक्रियेनंतर सकाळच्या कॉर्टिसॉलवरूनच तिचे कार्य अजमावतात. तेथे हे औषध दिलेले असल्यास तपासणी फसवी ठरते, रुग्णामागे विनाकारण गोळ्यांचे लचांड लागू शकते.

औषधाने जखम चिघळेल ही जुनी भीती होती. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, आठ हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीत ८ मिलिग्रॅमने जखमेचा जंतुसंसर्ग वाढला नाही. वांतीचा त्रास मात्र घटला. रक्तातील साखर काही काळ चढते, हे मधुमेह्यांनी ध्यानी ठेवावे.

दमा वा सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइडाच्या गोळ्या घेणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांची ग्रंथी आधीच सुस्तावलेली असते, आणि शस्त्रक्रियेच्या ताणात रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांस तसे आधीच सांगावे. गोळीचे नाव आठवत नसल्यास रिकामे पाकीटच सोबत न्यावे.