रक्ताच्या एका थेंबातील सात प्रश्न : आनुवंशिकीपासून सूक्ष्मजीवशास्त्रापर्यंत

आपल्या विद्यालयाच्या अभ्यासिकेत दिवे लावून वाचलेली अनेक मुले-मुली आज महाविद्यालयांत जीवशास्त्राचे अध्ययन करीत आहेत. सुटीत ती भेटावयास येतात तेव्हा त्यांची एक तक्रार हमखास असते. आनुवंशिकीचे प्रश्न वेगळे, रेण्वीय जीवशास्त्राचे वेगळे, सूक्ष्मजीवशास्त्राचे त्याहून वेगळे. या सर्वांचा परस्परांशी संबंध काय? स्मरणिकेच्या निमित्ताने या तक्रारीचे उत्तर देण्याचा प्रयत्न आम्ही करीत आहोत. त्यासाठी आम्ही एकच आजार निवडला आहे : सिकलसेल. विदर्भातील आपला बौद्ध समाज, गोंड, परधान, माडिया हे आदिवासी समाज, तसेच धुळे-नंदुरबारकडील भिल्ल व पावरा या सर्वांत हा आजार आढळतो. म्हणून पुढील प्रश्न परीक्षेपुरते नाहीत. पालकांनीही ते वाचावेत, अशी आमची विनंती आहे.

प्रश्न १ : एका अक्षराच्या बदलाने रक्तपेशीचा आकार कसा बदलतो?

हिमोग्लोबिनच्या बीटा शृंखलेत १४६ अमिनो आम्ले असतात. तिचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. या जनुकातील जीएजी हा संकेत जीटीजी झाला, की सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. ग्लुटामिक आम्ल पाण्याशी सख्य राखणारे, तर व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहणारे. त्यामुळे प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब तंतू बनतात आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणून रुग्णाला रक्तक्षय व कावीळ होते.

विळ्याच्या आकाराच्या पेशींची पहिली नोंद जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये शिकागो येथे केली. हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा आजार आहे, हे लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. ज्या ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्याच महिन्यात केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्रॅम यांनी या हिमोग्लोबिनचा फरक प्रथिनाच्या एका लहानशा तुकड्यात सामावलेला आहे, असे प्रसिद्ध केले. पुढील वर्षी त्यांनी तो बदललेला एकच घटक ओळखला.

प्रश्न २ : आई व वडील दोघेही वाहक असल्यास अपत्यांत हा आजार किती प्रमाणात येईल?

निरोगी व्यक्तीस एए, वाहकास एएस आणि रुग्णास एसएस म्हणतात. एएस व एएस यांच्या संकरातून एए १/४, एएस १/२ आणि एसएस १/४ अशी शक्यता येते. येथे विद्यार्थी एक चूक हमखास करतात. ‘चार अपत्यांपैकी एक आजारी होईल’ असे ते लिहितात. हे प्रमाण चार मुलांत वाटून दिलेले नसते. प्रत्येक गर्भधारणेला ते नव्याने लागू होते. पहिली तीन मुले निरोगी असली, तरी चौथ्याच्या वेळी शक्यता १/४ च राहते. दोन अपत्ये असल्यास किमान एक रुग्ण असण्याची शक्यता १ वजा ९/१६, म्हणजे ७/१६ येते. याउलट एएस व एए यांच्या संकरात निम्मी अपत्ये वाहक असू शकतात, परंतु एसएस एकही नाही. हे वाक्य ध्यानात ठेवावे. शेवटच्या प्रश्नात त्याचे काम आहे.

प्रश्न ३ : हे जनुक प्रभावी की अप्रभावी?

उत्तर आपण कोणत्या पातळीवर पाहतो यावर अवलंबून आहे. आजाराच्या पातळीवर ते अप्रभावी आहे, कारण वाहक सामान्यतः निरोगी असतो. मात्र वाहकाच्या रक्ताचे इलेक्ट्रोफोरेसिस केले, तर ए व एस ही दोन्ही हिमोग्लोबिने स्वतंत्र पट्ट्यांच्या रूपाने दिसतात. म्हणजे प्रथिनाच्या पातळीवर ती सहप्रभावी आहेत. परीक्षेत दोन्ही पातळ्यांचा उल्लेख करावा.

प्रश्न ४ : हार्डी-वाइनबर्ग सूत्र गावाला काय सांगते?

समजा, एका समाजात एस जनुकाची वारंवारता ०.१ आहे. हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. मग वाहक २ × ०.९ × ०.१ = ०.१८, म्हणजे शंभरात १८. आणि रुग्ण ०.१ × ०.१ = ०.०१, म्हणजे शंभरात १. डोळ्यांना दिसणारा रुग्ण एक, परंतु त्याच्यामागे न दिसणारे वाहक अठरा. अशा समाजात तपासणीविना विवाह झाले, तर ०.१८ × ०.१८ = ०.०३२४, शंभरांपैकी सुमारे तीन जोडप्यांत पती-पत्नी दोघेही वाहक असतील. सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या त्याच वर्तुळात होत राहिल्या, तर हे जनुक त्याच वर्तुळात टिकून राहते.

प्रश्न ५ : एवढे घातक जनुक निसर्गाने नाहीसे का केले नाही?

येथे आनुवंशिकी सूक्ष्मजीवशास्त्राला भेटते. प्लाझ्मोडियम फॅल्सिपेरम हा हिवतापाचा आदिजीव तांबड्या पेशीत वाढतो. वाहकाच्या पेशीत तो शिरला, की ती पेशी लवकर वाकडी होते आणि प्लीहा तिला परजीवीसह नष्ट करते. म्हणून हिवतापाच्या प्रदेशात एए बालके तीव्र हिवतापाने व एसएस बालके रक्तक्षयाने दगावत असताना एएस बालके अधिक संख्येने जगली. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून हा संबंध पुढे आणला. त्याआधी जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलेसेमियाविषयी असाच तर्क मांडला होता. पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले. हे जनुक कोणत्याही जातीचा कलंक नाही, तर डासांच्या प्रदेशात जगलेल्या पूर्वजांची ती खूण आहे. एक सावधगिरी मात्र हवी. वाहकालाही हिवताप होतो. संरक्षण असते ते त्याच्या तीव्र स्वरूपापासून. एसएस रुग्णाला तर हिवताप अत्यंत घातक ठरतो.

प्रश्न ६ : सिकलसेलच्या बालकाला साधा ताप धोक्याचा का?

रक्तवाहिन्या वारंवार तुंबल्याने रुग्णाची प्लीहा बालपणीच निकामी होऊ लागते. आवरणधारी जीवाणूंना रक्तातून गाळून काढणे हे प्लीहेचे काम. ती थकली, की न्यूमोकॉकससारखे जीवाणू झपाट्याने रक्तात पसरतात. विद्यार्थ्यांनी येथे एक दुवा जोडावा. फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये याच न्यूमोकॉकसच्या आवरणधारी व आवरणहीन प्रकारांवर प्रयोग केला, आणि त्याच वाटेने एव्हरी, मॅक्लिओड व मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये डीएनए हेच आनुवंशिक द्रव्य असल्याचे सिद्ध केले. ज्या आवरणाने विज्ञानाला डीएनए दाखविला, तेच आवरण आपल्या लेकराच्या जिवावर उठते. म्हणून लहान रुग्णांना पेनिसिलिन व न्यूमोकॉकसची लस दिली जाते. ताप आला, तर घरी वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

प्रश्न ७ : ‘मी एएस आहे. माझे लग्न होईल का?’

हा प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नाही. तो आमच्या एका विद्यार्थिनीने वर्ग संपल्यावर, सर्व मुली बाहेर गेल्यानंतर विचारला. तिची ठरत आलेली सोयरीक तपासणीचा कागद पाहून मोडली होती. मुलाची तपासणी मात्र कोणी केलीच नव्हती.

तिला आम्ही दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर पुन्हा लिहून दाखविले. वाहक हा रुग्ण नव्हे. जोडीदार एए असेल, तर एसएस अपत्य होत नाही. म्हणजे तपासणी एकट्या मुलीची करून काहीच निष्पन्न होत नाही. ती दोघांची व्हावी लागते. सोल्युबिलिटी चाचणी केवळ एस आहे की नाही, एवढेच सांगते. एएस की एसएस, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीने कळते. जोडीदाराची एचपीएलसी करणे विशेष हिताचे, कारण एस जनुकासोबत बीटा थॅलेसेमियाचे जनुक आले तरी अपत्य आजारी होऊ शकते. विवाहित जोडपे दोघेही वाहक असतील, तर गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांतच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गर्भाची तपासणी करता येते.

तथागतांनी दुःखाचे कारण शोधावयास शिकविले आणि कोणतीही गोष्ट एकट्या कारणाने घडत नाही, हेतू व प्रत्यय मिळून ती घडते, असे सांगितले. सिकलसेलमध्ये जनुक हा हेतू आहे. तहान, थंडी, ताप, अतिश्रम हे प्रत्यय आहेत. हेतू आज आपल्या हाती नसला, तरी प्रत्यय बऱ्याच अंशी आहेत. रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, थंडीपासून जपावे, फॉलिक अ‍ॅसिड व डॉक्टरांनी दिल्यास हायड्रॉक्सीयुरिया नियमित घ्यावे. वसतिगृहातले मूल हातपाय ठणकतात म्हणून कवायतीला येत नसेल, तर त्याला कामचुकार म्हणण्याआधी त्याचे रक्त तपासावे. हे आम्ही स्वतःलाही बजावीत आहोत.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने २०४७ हे लक्ष्य ठेवले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश आहे. रुग्णांच्या पालकांनी त्याची माहिती अवश्य घ्यावी. आमच्या माजी विद्यार्थ्यांकडे मात्र आम्ही एवढेच मागतो, की वधू-वरांच्या परिचयपत्रात शिक्षण व नोकरीसोबत रक्ततपासणीचा निष्कर्षही लिहिला जावा, आणि तो प्रथम मुलाच्या बाजूने लिहिला जावा. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे खरे उत्तर फळ्यावर लिहून पूर्ण होत नाही. ते समाजाने आपल्या आचरणातून द्यावयाचे आहे.