वायर तुटली तर कोण येणार? गावातल्या घरी इंटरनेट घेताना

जाहिरातीत 399 रुपये महिना असं ठळक छापलेलं असतं. पहिलं बिल येतं 471 रुपयांचं, कारण 18 टक्के जीएसटी त्या आकड्यात धरलेला नसतो. शहरात एवढं कळलं की हिशेब जवळपास संपतो. तिथे दारावरून चार कंपन्यांच्या वायरी गेलेल्या असतात, एकीने त्रास दिला की दुसरी घ्यायची. गावात पर्याय दोन, फार तर तीन. आणि त्यातला टिकेल कोणता, हे दरावर नाही, भलत्याच गोष्टींवर ठरतं: रस्त्याचं काम कुठे निघालंय, लाइट किती वेळ जाते, आणि वायर तुटली तर तालुक्याहून कोण येतं, किती दिवसांनी येतं.

म्हणून प्लॅन बघण्याआधी गावात विचारून घ्या. ज्यांच्याकडे कनेक्शन आहे त्यांना ‘स्पीड कसा आहे?’ असं विचारू नका, सगळे ‘बरा आहे’ म्हणतात. मागच्या पावसाळ्यात सलग किती दिवस बंद होतं, फोन कोणाला केला आणि तो माणूस कधी आला, एवढं विचारा. या उत्तरांतच तुमची कंपनी ठरते. शंभर एमबीपीएसची लाइन आठवडाभर बंद राहणार असेल, तर तीसची चालू लाइन केव्हाही चांगली.

फायबर मिळत असेल तर फायबरच घ्यावं, यात मला शंका नाही. पण ‘गावात फायबर आलंय’ हे वाक्य जपून ऐकायचं. भारतनेट योजनेची सुरुवात 2011 साली झाली ती ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्यासाठी. पंचायतीच्या कार्यालयात पेटी बसली म्हणजे तुमच्या वाडीत जोडणी मिळते असं नाही. मधला टप्पा कोणीतरी घालावा लागतो. बीएसएनएलच्या बाबतीत हे काम बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदार करतो, म्हणजे बिल बीएसएनएलचं, पण खांबावर चढणारा माणूस त्या भागीदाराचा. केबलवाल्याकडून घेतलं तरी तेच. तेव्हा नुसत्या कंपनीची नव्हे, त्या माणसाची चौकशी करा. त्याच्याकडे फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन स्वतःचं आहे का? ते दुसरीकडून मागवावं लागत असेल, तर प्रत्येक तुटीमागे एक-दोन दिवस जास्तीचे धरा. आणि तुटी होतातच. जेसीबीचा दात, पाणीयोजनेचा चर, पावसाळ्यात कोसळलेली फांदी, कारणं ठरलेली आहेत.

दरांचं म्हणाल तर घरगुती फायबरचे कमी दराचे प्लॅन जिओचा 399, बीएसएनएलचा 449, एअरटेलचा 499 असे आहेत, सगळे जीएसटी सोडून. दर बदलत राहतात, घ्यायच्या दिवशीचा बघा. तीस एमबीपीएसचा 399 चा प्लॅन वर्षाला करासकट साधारण 5,650 रुपयांना पडतो. त्यात जोडणीचा खर्च मिळवायचा, आणि तिथेच गंमत होते. शेवटच्या पेटीपासून घर लांब असेल, विशेषतः शेतातल्या वस्तीवर, तर ‘जास्तीच्या केबलचे’ पैसे मागतात. मीटरमागे किती आणि एकूण किती मीटर, हे केबल ओढण्याआधी लिहून घ्या. वस्तीवर तीन-चार घरं असतील तर एकदम मागणी नोंदवा. एकट्यासाठी अर्धा किलोमीटर वायर ओढायला कोणी तयार होत नाही, चौघांसाठी होतो. केबल कशावरून येणार हेही पाहा. महावितरणच्या खांबाला परवानगीशिवाय बांधलेली वायर लाइनमन कधीही सोडवून टाकू शकतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

फायबर नसेल तर हवेतून येणारं इंटरनेट. जिओ एअरफायबर 19 सप्टेंबर 2023 ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी सुरू झालं. एअरटेलची अशीच सेवा त्याच्या साधारण दीड महिना आधी आली होती. छपरावर एक डबा बसतो, तो जवळच्या 5जी टॉवरकडून सिग्नल घेतो, घरात राउटर. जिओचा 599 चा प्लॅन करासह 707 रुपये महिना पडतो. त्यात तीस एमबीपीएस, 1,000 जीबी आणि टीव्हीच्या वाहिन्या आणि ॲप्स. महिन्याच्या हिशेबाने घेतलं तर जोडणीचे हजार रुपये वेगळे, वर्षाचे पैसे एकदम भरले तर माफ. म्हणजे पहिल्या वर्षी साडेनऊ हजारांच्या आसपास. टीव्हीचा वेगळा रिचार्ज यामुळे बंद होणार असेल तरच फायबरपेक्षा जास्तीचा हा खर्च परवडतो.

मात्र टॉवर दिसला पाहिजे. सह्याद्रीच्या खोऱ्यांत दोन घरांत शंभर पावलांचं अंतर असतं, एकाकडे पूर्ण रेंज आणि दुसरा डोंगराच्या आड. झाडाचंही तसंच. मार्चमध्ये बसवलेला डबा जूननंतर, समोरचा आंबा भिजून गच्च झाला की, मंदावतो. बसवायला आलेल्या माणसाला झाडापासून दूर, छपराच्या कोपऱ्यावर लावायला सांगा. आधी फुकटात चाचणीही करता येते. ज्या कंपनीचं घ्यायचं तिचं सिम असलेला 5जी फोन छपरावर न्या आणि दूरसंचार नियामक ट्रायच्या मायस्पीड ॲपवर वेग मोजा. दुपारी नको, रात्री साडेआठ-नऊला मोजा. टॉवर सगळ्यांचा सामाईक असतो, आणि जेवणं झाल्यावर अख्खं गाव एकदम मोबाइल उघडतं. त्या वेळी जो आकडा येईल तो खरा.

5जी पोचलेलं नसेल तर सिम टाकायचा 4जी राउटर घेऊन चांगली रेंज येणाऱ्या खिडकीत ठेवणं हा मधला मार्ग. अभ्यास, बँकेची कामं, व्हिडिओ कॉल एवढं भागतं. टीव्ही चालवायला लागलात की रोजचा दीड-दोन जीबी तासाभरात संपतो.

मोबाइलचा विषय निघालाच आहे तर खरी बचत तिथे आहे, आणि ती फारसं कोणी मोजत नाही. जुलै 2024 च्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा रिचार्ज 299 रुपये झाला. तो ‘महिन्याचा’ नाही, वर्षात तेरा वेळा मारावा लागतो: एका फोनचे 3,887 रुपये. चार फोनांचं घर साडेपंधरा हजारांवर जातं. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले पॅक देणं बंधनकारक केलं. वर्षभराचा असा पॅक 1,850 रुपयांच्या आसपास मिळतो. घरात वायफाय आलं की दिवसभर घरीच असणाऱ्या दोघांचे फोन या पॅकवर नेता येतात. दोन फोनांवर वर्षाला चार हजार वाचतात, म्हणजे 399 च्या फायबरचा जास्तीचा भार उरतो साधारण 1,650 रुपये. एक खोट आहे: बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर त्या फोनवर यूपीआय ॲप चालणार नाही. ओटीपी येईल, पैसे जाणार नाहीत. बाहेर व्यवहार करणाऱ्याचा डेटा ठेवा.

वेगासाठी जास्त पैसे मोजू नका. तीस एमबीपीएस म्हणजे सेकंदाला पावणेचार मेगाबाइट. टीव्हीवरच्या एचडी चित्राला पाच एमबीपीएस पुरतात. तासाला तीन जीबी धरले तरी एअरफायबरच्या 1,000 जीबीत रोज अकरा तास टीव्ही चालतो. शेतावर किंवा गोठ्यात कॅमेरे लावायचे असतील तर डाउनलोडपेक्षा अपलोडचा वेग विचारा, कारण चित्र घरातून बाहेर जायचं असतं. ‘मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो’ हाही प्रश्न तेव्हाच विचारून घ्या.

आता लाइट. राउटर आणि फायबरची पेटी मिळून साधारण दहा वॉट खातात, महिन्याला सात युनिट. वीजबिलाची काळजी नको, लाइट गेल्यावरची करा. राउटरसाठीचा 12 व्होल्टचा मिनी यूपीएस हजार-दोन हजारांत मिळतो आणि काही तास काढतो. घरी इन्व्हर्टर असेल तर राउटर त्याच्यावर टाका. पण इतकं करूनही इंटरनेट बंदच राहण्याची शक्यता असते, कारण केबलवाल्याच्या टोकाला जे मशीन आहे त्यालाही वीज लागते. त्याची बॅटरी किती तास चालते हे विचारल्याशिवाय यूपीएसवर खर्च करू नका. कोकणात यापुढे जाऊन घरातलं एक सिम वेगळ्या कंपनीचं ठेवा. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही बरेच दिवस नव्हते. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की अडॅप्टर प्लगमधून काढून ठेवायचा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण विजेच्या तारेतून येते आणि केबलला आधाराची पोलादी तार असेल तर तिच्यातूनही येऊ शकते.

जांभ्याच्या किंवा दगडी भिंतीच्या घरात एका राउटरवर परसदारापर्यंत वायफाय पोचेल ही अपेक्षा सोडा. राउटर माजघरात, उंचावर बसवून घ्या, बसवणारे दाराजवळच्या खिळ्याला टांगून मोकळे होतात. दूरच्या खोलीसाठी लॅन केबल ओढून एक साधा दुसरा राउटर लावला की काम होतं. महागड्या मेश संचाची गरज वाड्यालाही क्वचितच पडते.

उपग्रहाच्या इंटरनेटबद्दल हल्ली बरंच ऐकू येतं. नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकबरोबर गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीमसारख्या जिल्ह्यांसाठी इरादापत्र केलं. डिसेंबरमध्ये महिना 8,600 रुपये हा आकडा पसरला तेव्हा ती चाचणीची माहिती होती, खरे दर नव्हेत, असा खुलासा कंपनीने केला. जिथे वायर नाही, टॉवरही नाही, अशा पाड्यांसाठी हे तंत्र उपयोगाचं आहे. बाकीच्यांनी त्याच्यासाठी थांबू नये, आणि ‘आधी नाव नोंदवा, डिश स्वस्तात मिळेल’ म्हणणाऱ्या कुणालाही आगाऊ पैसे देऊ नयेत.

पैसे भरताना नव्या किंवा छोट्या केबलवाल्याला वर्षाचे एकदम देऊ नका, सवलत कितीही गोड वाटली तरी. तीन महिने द्या, त्यातला एक पावसाचा असला तर उत्तम. पावती कंपनीच्या नावाची घ्या. बिघाड झाला की वायरमनला फोन कराच, पण कंपनीच्या क्रमांकावरही तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. बंद दिवसांचे पैसे मागायचे तर तोच पुरावा. उत्तर नाही आलं तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे, नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. ट्राय एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही. आणि कनेक्शन बंद करताना पेटी, राउटर आणि अडॅप्टर परत दिल्याची सही घेतल्याशिवाय ते माणसाच्या हाती देऊ नका, नाहीतर अनामत रकमेतून त्यांचे पैसे कापले जातात.