अळंबीची ओळख

आमचे पेठ गाव पुणे-नाशिक रस्त्यावर, खेड आणि मंचर यांच्या दरम्यान आहे. पावसाळ्यात बांधावर, वारुळाच्या आसपास अळंबी उगवते. वर्षातून चार-दोन दिवसच मिळणारी ही भाजी, म्हणून तिचे अप्रूप मोठे. परंतु त्याच दिवसांत विषारी कुत्र्याच्या छत्र्याही उगवतात. मग ओळखावे कसे?

गेल्या श्रावणात आजीने पाटीभर छत्र्या आणल्या; काही बांधावरच्या, काही गोठ्यामागच्या गवतातल्या. शिजवताना लसूण काळा पडला नाही म्हणजे चांगल्या, अशी तिची समजूत. लसणाची आणि चांदीच्या नाण्याची, दोन्ही परीक्षा फसव्या आहेत.

"आजी, एक रात्र थांब," मी म्हणाले.

"उद्यापर्यंत नासतील की गं!" ती कुरकुरली, पण थांबली.

वारुळावरची अळंबी 'टर्मिटोमायसिस' या वंशातील. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये हा वंश स्थापन केला. वाळवी जमिनीखाली या बुरशीची बाग राखते. त्यामुळे अळंबीचा दांडा मुळासारखा त्या बागेपर्यंत खोल जातो. टोपीच्या मध्यावर बहुधा टोकदार उंचवटा असतो आणि बीजाणूंचा ठसा फिकट गुलाबी उमटतो.

गवतात उगवणाऱ्या विषारी 'क्लोरोफायलम मोलिब्डायटिस'च्या टोपीवर तपकिरी खवले आणि दांड्यावर कडे असते. लांब मूळ नसते. टोपीखालच्या पट्ट्या कोवळेपणी पांढऱ्याच दिसतात, पण ठसा हिरवट पडतो. ही खाल्ल्यास काही तासांतच जोराच्या उलट्या व जुलाब होतात. केवळ कड्यावर मात्र विसंबू नये. १९७९ मध्ये दक्षिण भारतातून नोंदलेल्या 'टर्मिटोमायसिस हाइमी' या खाद्य जातीलाही कडे असते.

आजीने छत्र्या ओढून काढल्या होत्या. मुळे जमिनीतच तुटली होती. म्हणून काही टोप्या, पट्ट्या खाली करून, पांढऱ्या कागदावर ठेवल्या आणि वर वाडगे झाकले. सकाळी काही ठसे गुलाबी होते, दोन हिरवट. आजीने ते निरखून पाहिले आणि एक शब्दही न बोलता सगळी पाटी उकिरड्यावर ओतली.

गुलाबी ठसाही एकटा पुरेसा नाही, कारण 'एन्टोलोमा' वंशातील काही विषारी छत्र्यांचा ठसाही गुलाबीच असतो. म्हणून मित्रहो, छत्री खुरप्याने मुळासकट काढा, जागा, टोपी, दांडा, मूळ आणि ठसा ही सर्व लक्षणे एकत्र पाहा आणि जाणकाराला दाखवा. एक जरी लक्षण जुळले नाही, तरी ती चुलीवर चढवू नका. आजी आता रानात जाताना खुरपे विसरत नाही.