ग्रावाची काडी : भट्टीवरील एका दिवसाचा अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांकासाठी 'फेणी' हा विषय घेतो म्हटल्यावर वर्गातले मित्र हसले. एका सरांनीही भुवया उंचावल्या. परंतु सत्तरीतल्या आमच्या घरात मार्च ते मे हे तीन महिने दुसरा विषयच नसतो. माझी महाविद्यालयाची फी याच भट्टीतून आली आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा जे मला खरोखर माहीत आहे त्यावरच लिहावे, असे ठरविले. फेणीच्या चवीबद्दल मात्र काही लिहीत नाही. माझे वय एकोणीस आहे, आणि गोव्यात कायद्याने एकवीस लागतात!

काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते इकडे आणले, आणि 'काजू' हे नावही तिकडच्या भाषेतून त्यांच्याबरोबरच आले. बियांचा व्यापार पुढे जगभर गेला. बोंडूची फेणी मात्र गोव्याचीच राहिली. 2009 साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले.

आता भट्टीकडे वळू. आमच्याकडे बोंडू झाडावरून तोडत नाहीत, आपोआप गळून पडलेलाच घेतात. पहाटे आई व बहीण डोंगरावर जाऊन पाट्या भरतात, बिया पिळून वेगळ्या काढतात. मग कातळात कोरलेल्या कुंडात पायांनी बोंडू तुडवायचे. उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने आवळून त्यावर दगड ठेवला की जो स्वच्छ रस थेंबथेंब गळतो, तो निरो. तो पिण्यासाठी. तुडवलेला रस मडक्यांत तीन दिवस आंबत ठेवतात. बाहेरचे काही घालावे लागत नाही. फळाच्या सालीवरचे किण्वच ते काम करते. मडक्याला कान लावला तर आत बारीक सळसळ ऐकू येते. लहानपणी आजी म्हणायची, "रस बोलतो रे." बोलणे थांबले की रस भट्टीवर चढवायचा.

भट्टीतली बहुतेक सामग्री घरचीच. मातीची चूल वडिलांनी घातलेली, भाण तांब्याचे, आजोबांच्या वेळचे. तोंडावरचे झाकण चिंध्या व ओल्या मातीने लिंपतात. भाणातून एक नळी निघून दुसऱ्या मडक्यात जाते आणि त्या मडक्यावर सतत गार पाणी ओतायचे असते. मद्यार्क 78 अंशांना उकळतो, पाणी 100 अंशांना. सारी विद्या या बावीस अंशांत आहे. जाळ भडकला तर रसच उकळून नळीत शिरतो आणि सगळा घाणा गढूळ होतो. म्हणून वडील चुलीसमोरून उठत नाहीत, जेवणही तिथेच. पहिल्या ऊर्ध्वपातनाचा तो हुर्राक. हुर्राक पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून भट्टी लावली की फेणी.

तिचा कडकपणा ग्रावात मोजतात. त्यासाठी काचेची एक पोकळ काडी असते. द्रव जितका हलका, तितकी ती खोल बुडते. वडिलांना वाचता येत नाही. ते रेघा मोजतात.

या काडीवरूनच दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी भांडण झाले. वडिलांनी वीस ग्रावाची म्हणून मोजलेली फेणी नेहमीच्या व्यापाऱ्याकडे सकाळी साडेअठराची भरली. वडिलांनी त्याला चारचौघांत चोर म्हटले. तेव्हापासून आमचा माल दुसरीकडे, कमी भावाने जातो. घरात त्या माणसाचे नावही निघत नाही.

यंदा एप्रिलमध्ये परीक्षेच्या सुट्टीत मी भट्टीवर बसलो होतो. काडी धुताना तिच्या आतल्या कागदावर बारीक रोमन अक्षरे दिसली. एक आकडा होता : 15 अंश. ही काडी मी शाळेत असल्यापासून धूत आलो आहे, पण अक्षरे कधी वाचली नव्हती. पदार्थविज्ञानाच्या सरांना विचारले. ते म्हणाले, "तापलेला द्रव प्रसरण पावतो, हलका होतो. मग काडी खोल जाणारच." त्यांनी प्रयोगशाळेतला तापमापक दोन दिवसांसाठी दिला.

दुपारी भट्टीजवळ नुकतीच उतरलेली फेणी 39 अंशांवर होती. काडी वीस ग्रावावर थांबली. बाटलीला घट्ट बूच मारून ती रात्रभर ओसरीवर ठेवली. सकाळी 25 अंश. काडी पुन्हा सोडली : साडेअठरा.

वडील शेजारी उभे होते. मी काडी काढली, पुसली, परत सोडली. तेच. प्रसरणाबद्दल सरांनी सांगितलेले मी सांगू लागलो, पण मध्येच थांबलो. कारण त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते की ते कधीच पुढे, त्या व्यापाऱ्याच्या दारापर्यंत, पोहोचले आहेत.

"म्हणजे तो खोटे बोलला नव्हता," ते म्हणाले.

"तुम्हीही नव्हता, बाबा."

माझे हे उत्तर त्यांना फारसे उपयोगी पडलेले दिसले नाही. व्यापाऱ्याची काडी बरोबर असेल, पण पंधरा अंश तर त्याच्या दुकानातही नसतात. हिशोब दोघांचाही पुरता नव्हता. हे मी त्यांना दुपारी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि चुलीतले एक लाकूड मागे ओढले.

चार दिवसांनी, माझ्या अर्थशास्त्राच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी, त्यांनी धुतलेला सदरा घातला, एक बाटली पिशवीत घेतली आणि मला म्हणाले, "तो तापमापक आहे ना अजून? चल माझ्याबरोबर. मला ते नीट सांगता यायचे नाही."

तापमापक मी परत केला होता. तरीही गेलो.