सदोष वस्तु आणि ग्राहकाचा हक्क

पूर्वीच्या बाजारांत जिन्नस पारखून घेण्याची सोय होती. धान्य मुठींत घेऊन पाहतां येई, मडकें बोटानें वाजवून त्याचा आवाज ऐकतां येई, लुगडें उजेडांत धरून त्याचा पोत जोखतां येई. ‘घेणाऱ्यानें पारखून घ्यावें’ हा जुना दंडक त्या काळीं वावगा नव्हता. परंतु आज आपण जो मोबाइल फोन विकत घेतों, त्याची पारख नुसत्या डोळ्यांनीं कशी व्हावी? पेटी मोहोरबंद असते, यंत्राचें अंतरंग कांचेच्या व धातूच्या आड दडलेलें असतें, आणि दोष असलाच तर तो पुष्कळदां आठ-पंधरा दिवस वापरल्यावांचून प्रकट होत नाहीं. अशा वेळीं घेणारा विकणाऱ्याच्या शब्दावर व बनविणाऱ्याच्या नांवावर विसंबून पैसे मोजतो. तो विश्वास फोल ठरला तर त्यानें काय करावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वस्तुविक्रीचा कायदा आपल्या देशांत १९३० सालीं झाला. जें वर्णन करून माल विकला त्या वर्णनास तो उतरला पाहिजे, हें तत्त्व त्यांतही होतें; पण त्याचा लाभ घेण्यास दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागे, आणि थोड्या किंमतीच्या वस्तूसाठीं तो खर्च कोण सोसणार? पुढें १५ मार्च १९६२ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनीं तेथील कायदेमंडळास पाठविलेल्या संदेशांत ग्राहकाचे चार हक्क सांगितले: सुरक्षितता, माहिती, निवड आणि आपलें म्हणणें ऐकलें जाणें. आपल्याकडे १९७४ सालीं पुण्यास बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीची चळवळ आरंभिली, व १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. १९८६ सालीं ग्राहक संरक्षण कायदा संमत झाला. त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्यानें घेतली असून तो जुलै २०२० पासून अमलांत आहे.

आतां ग्राहक म्हणजे कोण, तें पाहूं. ज्यानें पैसे दिले तोच ग्राहक, अशी सामान्य समजूत आहे. ती अपुरी आहे. घेणाऱ्याच्या संमतीनें जो ती वस्तु वापरतो, तोही कायद्याच्या दृष्टीनें ग्राहकच होय. वडिलांनीं घेऊन दिलेला फोन वापरणारा विद्यार्थी यांत येतो. तो अज्ञान असल्यास त्याच्या वतीनें आईवडिलांस अथवा कायदेशीर पालकास तक्रार करतां येते. मात्र पुन्हां विकण्यासाठीं माल घेणारा व्यापारी यांत येत नाहीं.

दोष कशास म्हणावें, हेंही कायद्यानें सांगितलें आहे. वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता अथवा कार्यक्षमता यांविषयीं कायद्यानें, करारानें किंवा व्यापाऱ्यानें स्वतः केलेल्या दाव्यानें जें मान ठरलें, त्यांत कोणतीही उणीव म्हणजे दोष. या व्याख्येंतील शेवटला भाग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. जाहिरातींत जें सांगितलें तें वस्तूंत नसेल, तर तोही दोषच. उलट, फोन हातून पडून कांच फुटली किंवा पाण्यांत भिजला, तर तो वापरणाऱ्याचा हलगर्जीपणा होय. त्याचा बोजा दुकानदारावर टाकणें न्यायाचें नव्हे.

असें समजा कीं, शिवणकाम करून संसार चालविणाऱ्या एका मातेनें मुलीच्या अभ्यासासाठीं १२,००० रुपयांचा फोन घेतला. कित्येक महिन्यांची ती शिल्लक. विसाव्या दिवसापासून फोन आपोआप बंद पडूं लागला. ती दुकानांत गेली म्हणजे तिला बहुधा तीन उत्तरांपैकीं एक मिळतें. तीं तीनही उत्तरें आपण नीट तपासून पाहूं.

पहिलें उत्तर: ‘एकदां विकलेला माल परत घेतला जात नाहीं.’ हें वाक्य पावतीवर छापलेलें असतें, आणि छापलें म्हणजे तें कायद्याचेंच, असें भाबड्या माणसास वाटतें. वस्तुतः सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास पावतींत लिहिलेल्या मुदतींत, व तशी मुदत लिहिली नसल्यास ३० दिवसांत, नकार देणें यास कायद्यानें अनुचित व्यापारी प्रथा म्हटलें आहे. पावती न देणें हीही तशीच अनुचित प्रथा होय. मन बदललें म्हणून चांगला माल परत करणें ही निराळी गोष्ट. सदोष माल परत करणें ही निराळी.

दुसरें उत्तर: ‘आमचें काम विकण्याचें, दोषाचें कंपनीकडे बघा.’ या उत्तरानें पुष्कळ लोक मुकाट्यानें परततात. परंतु पैसे कोणी घेतले? पावती कोणी दिली? सौदा तर त्या दुकानदाराशींच झाला. शिवाय कायद्यांतील ‘व्यापारी’ या शब्दांत विकणारा व बनविणारा या दोघांचाही समावेश आहे. म्हणून तक्रार करतांना दोघांसही प्रतिपक्ष करावें. कोणाकडे किती दोष जातो, हें ठरविण्याचें काम आयोगाचें आहे, तक्रार करणाऱ्याचें नव्हे.

तिसरें उत्तर: ‘दुरुस्त करून देऊं.’ हें उत्तर सर्वस्वी अयोग्य नाहीं. वॉरंटीच्या अटींत बहुधा दुरुस्तीचेंच वचन असतें, आणि ती संधि देणें इष्ट आहे. प्रश्न उद्भवतो तो तीच दुरुस्ती दोनदां-तीनदां होऊनही दोष कायम राहिल्यावर. तेथें दोष मुळांतच आहे असें म्हणण्यास आधार मिळतो. पण तो आधार तोंडी सांगून मिळत नाहीं. दुरुस्ती केंद्रांत प्रत्येक वेळीं ‘जॉब शीट’ नांवाचा कागद मिळतो. त्यावर तारीख व आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहिली गेली आहे कीं नाहीं, हें पाहूनच फोन त्यांच्या हातीं द्यावा. असे तीन कागद हातांत असले म्हणजे शंभर शब्दांचें काम होतें.

आतां मार्ग कसा क्रमावा, तें थोडक्यांत सांगतों. प्रथम दुकानदारास व कंपनीस लेखी कळवावें. पत्रांत खरेदीची तारीख, पावतीचा क्रमांक, दोषाचें वर्णन व आपली मागणी असावी. प्रत्येक फोनास १५ अंकी आय.एम.ई.आय. क्रमांक असतो. *#०६# असें दाबल्यास तो पडद्यावर दिसतो. पेटीवरही तो छापलेला असतो. तोही पत्रांत लिहावा, म्हणजे फोन तोच कीं दुसरा, हा वाद उरत नाहीं. इंटरनेटवरून खरेदी केली असल्यास त्या विक्री-संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्यास लिहावें. २०२० च्या नियमांप्रमाणें त्यानें ४८ तासांत पोंच द्यावी व एका महिन्यांत निवारण करावें, असें बंधन आहे. इतक्यानें भागलें नाहीं तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा १९१५ हा क्रमांक फिरवावा. तेथें समेटाचा प्रयत्न होतो आणि पुष्कळ तंटे तेथेंच मिटतात.

तेंही विफल झालें तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावें. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहारांच्या तक्रारी तेथें चालतात, व ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्यास कांहींही फी पडत नाहीं. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. पूर्वी प्रतिपक्ष जेथें असेल तेथें धांव घ्यावी लागे. नव्या कायद्यानें तक्रारदार जेथें राहतो किंवा काम करितो, त्या जिल्ह्यांतही तक्रार दाखल करतां येते. ही सवलत गरिबाच्या दृष्टीनें फार मोलाची आहे. तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आंत केली पाहिजे. दोष परीक्षेवांचून ठरण्यासारखा नसेल, तर आयोग वस्तु प्रयोगशाळेकडे पाठवितो. अशा परीक्षेची गरज नसल्यास ३ महिन्यांत व असल्यास ५ महिन्यांत निकाल देण्याचा यत्न व्हावा, असें कायदा म्हणतो. प्रत्यक्षांत याहून अधिक काळ लागतो, म्हणून धीर धरावा. दोष सिद्ध झाल्यास तो दूर करणें, वस्तु बदलून देणें, किंमत व्याजासह परत करणें व झालेल्या हानीची भरपाई देणें, अशा आज्ञा आयोगास करतां येतात.

हक्काबरोबर कर्तव्यही येतें. पावती मागून घ्यावी, व ती पाकिटांत मळूं न देतां जपून ठेवावी. वॉरंटीच्या अटी घेण्यापूर्वींच वाचाव्या. फोन दुरुस्तीस देण्याआधीं आंतील माहितीची प्रत काढावी, सिमकार्ड काढून घ्यावें व गुप्त शब्द कोणास सांगूं नये. आणि सर्वांत मुख्य म्हणजे सत्य सोडूं नये. पाण्यांत पडलेला फोन ‘आपोआप बिघडला’ असें सांगून नवा मागणें ही दुकानदाराची फसवणूकच होय. आणि अशा एका लबाडीमुळें पुढें येणाऱ्या दहा खऱ्या माणसांकडे संशयानें पाहिलें जातें.

आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं वडील माणसांस इंग्रजींत बारीक अक्षरांत छापलेल्या अटी वाचतां येत नाहींत. त्यांनीं कष्टानें मिळविलेला पैसा केवळ अक्षरांच्या भीतीनें बुडूं नये. त्यांची पावती वाचणें, त्यांच्या वतीनें चार ओळींचें स्वच्छ पत्र लिहिणें व त्याची नक्कल जपून ठेवणें, एवढें काम शाळेंत शिकणाऱ्या कोणाही मुलामुलीस सहज साधण्यासारखें आहे. आपल्या शिक्षणाचा घरास तत्काळ उपयोग होण्याचा हा एक मार्ग आहे, आणि तो आपण अवश्य अनुसरावा, अशी आमची विनंति आहे.